तिहाई रचायचीय? मग समेवरून उलटं मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की पोरगा तबला बरा वाजवतो पण लेखी पेपरात ‘झपतालात तिहाई रचून लिपीबद्ध करा’ आलं की हातपाय गाळतो. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा धा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणणं. माझं पण तेच झालेलं. अमळनेरहून पॅसेंजरने जळगावला परीक्षेला जाताना गाडीत मांडीवर ठोकत ठोकत एक भारी तिहाई जुळवली, आणि पेपरात पहिल्या मात्रेपासून लिहीत सुटलो तर शेवटचा धा सम सोडून दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडला. आमचे गुरुजी अहिराणीत एवढंच बोलले, ‘आधी मोज, मंग वाजाड.’

तर नवीन बोल शोधत बसूच नका, तिटकत गदिगन धा हेच घ्या. चौपटीत, म्हणजे एका मात्रेत चार अक्षरं, लिहिलं तर तिटकत एक मात्रा, गदिगन एक आणि धा एक, म्हणजे तुकडा 3 मात्रांचा. मध्ये दम, म्हणजे थांबा, न घेता तीनदा म्हटला की 9 मात्रा. आता शेवटचा धा समेवर पाहिजे आणि ती सम पुढच्या आवर्तनातली, म्हणजे तालाच्या पुढच्या फेऱ्यातली, म्हणून तालाच्या मात्रांत एक मिळवायचा, इथेच सगळे चुकतात. झपतालाच्या 10 आणि एक 11, ती अकरावी जागा धरून 9 उलटे मोजले की तिसरी मात्रा येते. तिथून सुरू करा, बरोबर दुसऱ्या टाळीवर उचल, म्हणजे सुरुवात, मिळते. तीनतालाच्या 16, तिथे 17 वरून मोजलं तर नववी मात्रा म्हणजे खाली (टाळी न देण्याची जागा), 12 मात्रांच्या एकतालात पाचवी. रूपकात 7 मात्राच असल्याने एका आवर्तनात मावत नाही, आदल्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवरून उचलावं लागतं, आणि तिथे सम खालीवर आहे हे पोरं विसरतात.

दमदार, म्हणजे मध्ये दम असलेली, तिहाई मागितली तर तेच बोल दुपटीत, एका मात्रेत दोन अक्षरं, लिहा, तिट, कत, गदि, गन, धा, प्रत्येकाला एक मात्रा. तुकडा झाला 5 चा, तीन तुकडे 15, मधले दोन दम एकेक मात्रेचे, झाले 17. तीनतालात समेपासून सुरू करून समेवरच, मला तर ही पाठच आहे. पण तुकडा 4 चा घेतला तर 12 होतात, 17 मधले उरतात 5, ते दोन दमांत वाटायचे म्हणजे अडीच अडीच मात्रा. वाजवायला मजा येते पण परीक्षेच्या घाईत लिहायला नको. झपतालात हाच पाचाचा तुकडा हवा असेल तर दोन आवर्तनं घ्या, 21 मधून 15 गेले, दम तीन तीन मात्रांचे.

ताल लिहायच्या दोन पद्धती, भातखंड्यांची आणि पलुस्करांची. लिहिताना भातखंडे पद्धत घेतली असेल तर तीच शेवटपर्यंत, पलुस्करांची चिन्हं मध्ये घुसवू नका. समेला फुली, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना आकडे, एका मात्रेतल्या अक्षरांखाली कंस, दमाच्या जागी अवग्रह (ऽ). आणि शेवटचा धा विभागाची रेघ मारून समेच्या फुलीच्या जागी लिहायचा, बरेच जण तो लिहीतच नाहीत, मग तपासणाऱ्याला तिहाई समेवर आली हे दिसणार कुठून?

झपतालातली दमदार त्याच्याकडून लिहून घ्या अन इथे फोटो टाका, रात्री जेवणं आटोपली की बघतो.