‘नो अ‍ॅम्नेस्टी’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आला की अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह (उजव्या विचारांच्या) मंडळींच्या 2013 च्या, बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना कायदेशीर करायला विरोध करणाऱ्या सभांची भाषणं मराठीत आणायची आहेत, त्यात दर दोन वाक्यांनी ‘अ‍ॅम्नेस्टी’ येतं, डिक्शनरीत ‘सार्वत्रिक क्षमा’ दिलंय पण ते घोषणेत बसत नाही, मग ‘माफी’ लिहू, ‘अभय’ लिहू की सरळ ‘अ‍ॅम्नेस्टी’च ठेवू?

आधी माझं मत सांगून टाकतो, घोषणेत ‘सरसकट माफी’ लिहा. आता का ते, थोडं लांबेल.

मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘विसरणं’. ‘अ‍ॅम्नेशिया’ त्याचाच भाऊ. म्हणजे मुळात भाव आपल्या ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ इतका साधा आहे, यात कोण गुन्हेगार, कोण मेहरबान हे फारसं येतच नाही. आणि अमेरिकेतसुद्धा हा शब्द सुरुवातीपासून शिवी नव्हता बरं का. 1984 च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन स्वतः, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह लोकांचं दैवतच, अ‍ॅम्नेस्टीची कल्पना आपल्याला मान्य आहे असं डिबेटमध्ये उघड बोलले होते, आणि नोव्हेंबर 1986 मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्याने बेकायदा राहणारे साधारण 27 लाख स्थलांतरित कायदेशीर झाले, त्यात शेतमजुरांसाठी वेगळा दरवाजा होता. बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड आणि सीमेवर कडक पहारा असं ठरलेलं, ते कागदावरच राहिलं आणि बेकायदा येणं थांबलं नाही. कॉन्झर्वेटिव्ह मंडळींचा राग इथून सुरू होतो आणि तो समजून घेतल्याशिवाय भाषांतर जमणार नाही. त्यांच्या तोंडी ‘अ‍ॅम्नेस्टी’ म्हणजे ‘एकदा फसलो, आता पुन्हा नाही’.

मग 2013. सिनेटमधलं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातलं, इमिग्रेशनचं बिल 27 जूनला 68 विरुद्ध 32 ने पास झालं. त्यात दंड होता, थकलेला टॅक्स भरायचा होता आणि नागरिकत्वासाठी बहुतेकांना 13 वर्षं थांबायचं होतं, शेतमजुरांना ग्रीन कार्ड जरा लवकर. समर्थक म्हणायचे की इतकं सगळं भरून घेतल्यावर ही अ‍ॅम्नेस्टी कशी, आणि विरोधक म्हणायचे की कायदा मोडून आलेल्याला शेवटी राहायला मिळतंय ना, मग झाली अ‍ॅम्नेस्टी. भांडण कलमांवर कमी आणि शब्दावर जास्त. पुढे हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ते बिल चर्चेलाच घेतलं नाही, आणि जून 2014 मध्ये हाउसमधले रिपब्लिकनांचे नंबर दोनचे नेते एरिक कँटर स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, पडले, समोरच्या डेव्ह ब्रॅट यांनी त्यांच्यावर हाच ‘अ‍ॅम्नेस्टी’चा शिक्का मारला होता.

(जाता जाता, त्या वर्षी सगळंच शब्दांवर चाललेलं. फार्म बिल 20 जूनला हाउसमध्ये 195 विरुद्ध 234 ने पडलं, त्याला ही मंडळी ‘फूड स्टँप बिल’ म्हणायची, कारण खर्चाचा मोठा वाटा गरिबांच्या धान्यमदतीचा. आपल्याकडे शेतीच्या बिलाला कुणी ‘रेशनचं बिल’ म्हटलं असतं तसं. आणि ऑनलाइन खरेदीवरच्या सेल्स टॅक्सचं बिल, त्याच्या नावातच ‘फेअरनेस’, विरोधकांच्या भाषेत मात्र नुसता ‘नवा टॅक्स’.)

आता मराठीकडे. ‘अभय’ का नको? कारण ‘अभय योजना’ हा शब्द आपल्याकडे महापालिकेने आणि मुद्रांकवाल्यांनी पार घरगुती करून ठेवलाय. घरपट्टी थकली, पाणीपट्टी थकली, मुद्रांक शुल्क कमी भरलं, की येते अभय योजना, दंडात सूट, लोक लायनीत उभे राहतात आणि कुणालाच लाज वाटत नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतही राज्यं ‘टॅक्स अ‍ॅम्नेस्टी’ काढतात, तिथे हाच शब्द निरुपद्रवी असतो. तेव्हा भाषणात टॅक्सची अ‍ॅम्नेस्टी आली तर खुशाल ‘अभय योजना’ करा, इमिग्रेशनला नको, ‘अभय नको’ म्हटल्यावर कुणाचं रक्त तापणार?

‘माफी’त मात्र दोन्ही धारा आहेत. सारामाफी म्हटलं की पीक गेलं म्हणून सरकारने सारा सोडला, शेतकऱ्याचा दोष काही नाही. पण ‘माफी माग’ म्हटलं की समोरचा गुन्हेगार ठरला. म्हणूनच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ नको, ‘कर्जमुक्ती’ म्हणा असा आग्रह धरला, आम्ही गुन्हा केलेला नाही तर माफी कसली. 2019 च्या सरकारी योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आहे ते बघा. म्हणजे जे भांडण तिकडे ‘अ‍ॅम्नेस्टी’ की ‘नागरिकत्वाचा मार्ग’ यावर, तेच आपल्याकडे माफी की मुक्ती यावर होऊन गेलंय. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ‘सरसकट’ जोडायचं कारण असं की नुसत्या माफीत राग येत नाही. ‘सरसकट’ म्हटलं की पात्र-अपात्र न बघता वाटलं, प्रामाणिकपणे हप्ते भरणारा मूर्ख ठरला, हा जो कडवटपणा आहे तोच तिकडच्या घोषणेत आहे. माझी भाची न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या लायनीत कित्येक वर्षं आहे, राजकारणाशी तिचा काही संबंध नाही, पण तीही मागे फोनवर म्हणाली की लायनीत उभं राहणाराच येडा ठरतो मामा.

फक्त रेगनच्या तोंडी ‘सरसकट’ घालू नका, तिथे साधी ‘माफी’ ठेवा, 1984 चा माणूस 2013 च्या चिडीने बोलायला नको. आणि समर्थकांचं ते ‘अर्न्ड’, म्हणजे दंड-टॅक्स भरून मिळवलेलं, नागरिकत्व, त्याला मला अजून धड शब्द सापडलेला नाही. ‘कमावलेलं’ म्हटलं की पगार वाटतो, ‘मेहनतीचं’ जरा बरं, पण त्यात दंड भरल्याचं येत नाही. कुणाला सुचलं तर कळवा.