एकच संघ वर्षानुवर्षं जिंकत राहिला तर त्या खेळाचं भलं होतं की नुकसान?

तुम्ही विचारलंय की एकच संघ सतत जिंकत राहिला तर लोकांचा रस आटतो आणि खेळ मरतो, हे खरं आहे का. माझं मत असं: जिंकणाऱ्याची विद्या हरणाऱ्यापर्यंत पोचत असेल, तर विजयमालिका कितीही लांबली तरी खेळाचं भलंच होतं. ती पोचत नसेल तर रस आटतो, आणि तो सगळ्यात आधी जिंकणाऱ्याच्याच गावात आटतो.

कबड्डीत हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. १९९० साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने जिंकली. पुण्यात कबड्डी म्हणजे घरचा खेळ, मंडळामंडळांचे संघ. तरीही त्या सुवर्णपदकांची बातमी आम्ही पानाच्या कोपऱ्यात वाचायचो आणि पुढे जायचो. अंतिम सामना कोणाशी झाला, हे दुसऱ्या दिवशी भल्या भल्या कबड्डीवेड्यांनाही सांगता यायचं नाही. निकाल आधीच ठाऊक असेल तर सामन्यासाठी कोण जागा राहणार?

२०१४ ला प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि परदेशी खेळाडू आपल्या संघांत आले. इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळला, कोरियाचा जांग कुन ली बंगाल वॉरियर्सकडून. ही पोरं मोसमभर आपल्याच चढाईपटूंसोबत सराव करत होती. बोनस घेताना कोणाचा कुठला पाय पुढे येतो, परतताना कोण कुठल्या कोपऱ्याकडे झुकतो, शेवटच्या चढाईत कोणाची घाई होते, हे सगळं त्यांना रोज समोर दिसत होतं. मग २०१८ ला जकार्तात कोरियाने गटसाखळीतच भारताला २४-२३ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं घरी पाठवलं. महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! मला त्यांचा तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो. आपल्या मातीतली विद्या त्यांनी परक्या मुलींना मन लावून शिकवली.

त्या पराभवाने कबड्डीचं काय बिघडलं? काहीही नाही. २०२३ ला हांगचौच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असं हरवलं, तेव्हा शेवटच्या काही चढायांत श्वास रोखून बसलो होतो. नियमावरून वाद होऊन खेळ थांबला, तरी टीव्हीसमोरून कोणी हललं नाही. त्याच वर्षी प्रो कबड्डीतल्या आपल्या पुण्याच्या संघाने, पुणेरी पलटणने, इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. बालेवाडीत त्याने पकड केली की अख्खं सभागृह उठून ओरडायचं, आणि मार्च २०२४ मध्ये पलटण पहिल्यांदा विजेती झाली. ज्या देशाने आपली मालिका तोडली, तिथला मुलगा पुणेकरांचा लाडका झाला.

अमेरिकेतही असंच घडलं. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कनेटिकट विद्यापीठाने सलग १११ सामने जिंकले. हा संघ खेळाचा सत्यानाश करतोय, असं तिकडेही पुष्कळांना वाटत होतं. २०१६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मिसिसिपी स्टेटला ९८-३८ असं, म्हणजे ६० गुणांनी चिरडलं. वर्षभराने, ३१ मार्च २०१७ ला, त्याच मिसिसिपी स्टेटने जादा वेळेत ६६-६४ असा विजय मिळवून मालिका संपवली. साठ गुणांचं अंतर वर्षात भरून काढायला त्या मुलींनी काय मेहनत घेतली असेल! समोर तेवढा उंच डोंगर नसता तर त्या तेवढ्या चढल्याही नसत्या.

क्रिकेटचं म्हणाल तर पुण्याजवळचं गहुंजेचं मैदान आहेच. २०१७ ला ऑस्ट्रेलियाने भारताची सलग १९ कसोटींची अपराजित घोडदौड तिथे थांबवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने घरच्या मैदानावरची सलग १८ मालिका विजयांची साखळी तिथेच तोडली. त्यांचा फिरकीपटू मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण वळणाऱ्या खेळपट्टीवर भारताला भारतात हरवता येतं, हे एका छोट्या देशाने दाखवून दिलं, आणि कित्येक दिवस पुण्यात कट्ट्याकट्ट्यावर फक्त कसोटी क्रिकेटच चाललं होतं.

मला खरी काळजी खो-खोची आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या दोन्ही कर्णधारांनी तो जिंकून दिला, आनंद झालाच. मात्र महिलांनी कोरियाला १७५-१८ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४०. हे असंच आणखी वीस वर्षं चाललं तर इथेही कोपऱ्यातली बातमीच उरेल. आपले निवृत्त खेळाडू प्रशिक्षक म्हणून नेपाळला, कोरियाला, केनियाला जायला हवेत, आणि तिथली मुलं मोसमभर इथल्या संघांत खेळायला हवीत. त्यापायी आपलं एखादं सुवर्णपदक गेलं तरी मला चालेल.