प्रिंट राखाडी येतायत? आधी निगेटिव्ह बघ

अगं, तुझे फोटो बघितले आणि "सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट राखाडी येतात, कितव्या नंबरचा फिल्टर (प्रिंटचा कॉन्ट्रास्ट बदलणारा) लावू" हा प्रश्नही वाचला. फिल्टर सध्या राहू दे. आधी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेव (नसेल तर मोबाईलवर पांढरी स्क्रीन लावून त्याच्यासमोर धर) आणि काळे केस, दाराआडचा अंधार अशा जागी निगेटिव्हवर काही तपशील दिसतोय का बघ. तिथे नुसती कोरी पारदर्शक फिल्म असेल तर एक्स्पोजर कमी पडलंय, आणि फिल्मवर जे आलंच नाही ते डार्करूममध्ये कितीही डोकं आपटलंस तरी येणार नाही. एक्स्पोजर सावल्या बघून द्यायचं आणि उजळ भाग डेव्हलपिंगच्या वेळेने सांभाळायचा, हे जुने लोक घोकून घ्यायचे ते उगाच नाही.

निगेटिव्ह ठीक असेल तर दोन शंका आहेत. पहिली म्हणजे तू पेपर डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या केमिकलमधून) लवकर काढत असणार. लाल दिव्याखाली फोटो असतो त्यापेक्षा काळा दिसतो, मग जीव घाबरतो आणि चिमटा आपोआप ट्रेमध्ये जातो. आरसी पेपरला (प्लास्टिकचा थर असलेल्या) पूर्ण एक मिनिट दे, फायबर म्हणजे साधा कागदी असेल तर दोन-तीन मिनिटं, ट्रे हलवत राहा, आणि तरी प्रिंट काळी आली तर पुढच्या वेळी एन्लार्जरची (निगेटिव्हमधून पेपरवर उजेड पाडणाऱ्या यंत्राची) वेळ कमी कर, डेव्हलपरची नाही. दुसरी शंका त्या दिव्याची. दुकानातून आणलेला साधा लाल बल्ब पेपरला चालेलच असं नाही. कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या दिव्याखाली राहू दे, मग डेव्हलप कर, नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदल.

आता खरं काम. एन्लार्जर एका उंचीवर फिक्स कर, त्याच्या लेन्सचं छिद्र एफ/८ वर, आणि डेव्हलप केलेल्या रोलची फोटो नसलेली पारदर्शक कड पेपरवर अशी ठेव की अर्धा पेपर कडेखाली येईल आणि अर्धा उघडा राहील. दर दोन सेकंदांनी पुठ्ठा सरकवत टेस्ट स्ट्रिप काढ, म्हणजे एकाच पेपरवर वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्या. वाळल्यावर उजेडात बघ, ज्या पट्टीत कडेखालचा काळा आणि उघड्या पेपरचा काळा पहिल्यांदा सारखाच दिसतो ती तुझी वेळ. त्याच वेळेने अख्ख्या रोलची कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट पेपरवर ठेवून काढलेली, सगळ्या फ्रेम असलेली प्रिंट) काढ, एकेका फ्रेमला वेगळी वेळ देऊ नकोस. मग कुठल्या फ्रेमला एक्स्पोजर कमी, कुठल्या फ्रेमला जास्त ते ती शीटच सांगते, मला विचारायची गरज पडत नाही.

आणि पाणी! मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी तिशीच्या आसपास जातं. एचपी५ प्लस या ४०० स्पीडच्या फिल्मला डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात मिसळून ११ मिनिटं लागतात ती २० अंशाला. पातळ न करता वापरलंस तर साडेसात मिनिटं, आणि गरम पाण्यात तीच वेळ पाचच्या खाली येते, मग फिल्मवर डाग आणि असमान पट्टे. म्हणून एकास एकच वापर, आणि टबात बर्फाच्या पिशव्या टाकून त्यात बाटल्या ठेव (बर्फ डेव्हलपरमध्ये नाही हां). फिक्सर (डेव्हलपनंतर चित्र पक्कं करणारं केमिकल), धुवायचं पाणी, सगळं त्याच तापमानाच्या जवळपास असू दे. फिक्सरमध्ये किती वेळ ठेवायचं हे कळायला फिल्मचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाक, तो स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्स कर.

मित्रमैत्रिणी दर महिन्याला नवी फिल्म, नवं केमिकल आणतील, तू आणू नकोस. निदान वर्षभर एकच फिल्म, एकच डेव्हलपर, एकच लेन्स. एका वेळी एकच गोष्ट बदललीस तरच कशामुळे काय झालं ते कळतं. कडक उन्हात मीटरकडे न बघता एफ/१६ आणि १/५०० ठेवून अख्खा रोल काढ, नंतर सावलीत लेन्सचं छिद्र एकेक स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) मोजत उघड. आणि भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचे १९४७ च्या सुमाराचे दिल्लीतले फोटो सावकाश बघ. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या होत्या. त्या फोटोंतले काळे कोट, त्यांच्या घड्या कशा दिसतात ते बघ, राखाडी आणि काळा यातला फरक तिथे कळेल.

पुढच्या वेळी प्रिंट नको, कॉन्टॅक्ट शीट पाठव, स्कॅन करताना ऑटो करेक्शन बंद ठेव आणि पाठीमागे पेन्सिलीने तापमान आणि वेळ लिही.