घरचे म्हणतात काळं मांजर खुनशी असतंय, घेऊ नको. रंगावरून स्वभाव ठरतो का?

नाही हो, तसं काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही, बिनधास्त घ्या. आमच्या शहापुरात पण केशरी बोका लाडका आणि काळं मांजर वाईट असंच बोलतात, पण केशरी रंगाचा जीन (रंग ठरवणारा वारशाचा घटक) एक्स क्रोमोसोमवर असतोय, बोक्यात एकच एक्स असतो म्हणून त्याला एक जीन पुरतो, मांजरीला दोन लागतात, म्हणून केशरी मांजरांत साधारण ८० टक्के बोकेच, मग बोक्याच्या स्वभावाचं श्रेय रंगाला जातंय की. खरा फरक पडतो तो पिल्लू २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसांनी त्याला किती हाताळलं त्यानं. शेजारच्या काकूंची काळी मनी भाताच्या पोत्यामागं जन्मली, पोरांनी रोज मांडीवर घेतली, आता अनोळखी माणसाच्या पण पायाला अंग घासते. काळी पिल्लं कुणी घेत नाही म्हणून उगाच मागं राहतात, फार वाईट वाटतंय. आणताना हात पुढं करा, वास घ्यायला येतंय का फिस्कारतंय तेवढं बघा.