रिपोर्टातल्या रिकाम्या जागा

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. समुद्रतळावरच्या जुन्या तेलाच्या लाइनची फाइल हातात आली आणि पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, अजून किती वर्षं चालेल? तोच प्रश्न तू माझ्याकडे पाठवलास, वर "काका, खरं सांगा" असं लिहून. खरं सांगायचं तर फाइल माझ्यासमोर असती तरी मला ते सांगता आलं नसतं. आणि जो कोणी तुला छातीठोकपणे वर्ष सांगेल, त्याच्याकडे जरा संशयाने बघ.

वय ऐकून घाबरू नकोस. आपल्यासमोरच्या समुद्रात 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि 1978 च्या सुमारास समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आले. त्या पिढीच्या लाइना साधारण पंचवीस-तीस वर्षं धरून आखलेल्या असत. ती मुदत संपली म्हणजे लाइन संपली असं होत नाही. त्यानंतर तिच्या बाजूने बोलायला तपासणीचे कागद तेवढे उरतात. चाळिशी ओलांडलेली पण पिगिंग (नळातून पिग नावाचं साफसफाईचं, तपासणीचं यंत्र ढकलणं) कधी न चुकलेली लाइन मला पंधरा वर्षांच्या बेवारस लाइनपेक्षा केव्हाही चालेल.

रिपोर्टात "शिल्लक आयुष्य 20 वर्षे" असं छापलेलं असतं, तो आकडा एकदा स्वतः कागदावर मांडून बघ. समज, नळाची भिंत 12.7 मिलिमीटर, लाइनचं वय वीस, आणि इंटेलिजंट पिगने, म्हणजे नळाच्या आतून जाऊन चुंबकाने भिंत तपासणाऱ्या यंत्राने, एका जागी 40 टक्के धातू गेल्याचं दाखवलं. म्हणजे वीस वर्षांत पाच मिलिमीटर. 80 टक्क्यांच्या पुढे खड्डा गेला की दुरुस्ती करावीच लागते. तिथवर पोचायला आणखी पाच, म्हणून आणखी वीस वर्षं. हिशेबात खोट नाही. पण गंज रोखणाऱ्या इन्हिबिटरचा पंप चार वर्षांपूर्वी बंद पडला असेल आणि ते पाच मिलिमीटर त्यानंतरच गेले असतील तर? मग तुझ्या हातात वीस नाहीत, चार वर्षं आहेत. खड्डा नळाच्या लांबीच्या दिशेने पसरलेला असेल तर त्याहूनही कमी, कारण असा लांबट गंज 80 टक्क्यांची वाट बघत नाही, त्याआधीच दाबाने फाटतो. शिवाय पिगची स्वतःची चूक असते: साधारण भिंतीच्या दहा टक्के इकडे किंवा तिकडे, आणि तेही दहापैकी आठ वेळा. उरलेल्या दोनांपैकी एक वेळ तुझ्यावर उलटणार, असं धरूनच चालायचं.

म्हणून मी रिपोर्ट आला की दोषांचा तक्ता आधी उघडत नसे. पिगच्या वेगाचा आलेख आधी. पिग मेणाच्या थरात किंवा जुन्या वळणावर अडतो, मागे दाब साठतो, आणि मग तो सुटतो तो गोळीसारखा. त्या धावेत चुंबकाची पकड नीट बसत नाही, सेन्सर भिंतीपासून उचलले जातात, आणि तेवढ्या तुकड्याची नोंद कच्ची राहते. ही गोष्ट कुठे सापडते? परिशिष्टात, बारीक टायपात, एका ओळीत. सारांशात मात्र तो तुकडा स्वच्छ म्हणून मोजला जातो, कारण तिथे दोष "आढळला नाही". दोष नव्हता की बघताच आलं नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. तुला माझं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार: फाइलला एक वेगळा तक्ता जोड. कुठे बघता आलं नाही, का नाही, आणि तिथे शेवटचं कधी बघितलं होतं. पुढच्या तपासणीचा पैसा आधी त्या तक्त्यावर खर्च कर.

आतल्या गंजाचं म्हणशील तर म्हाताऱ्या क्षेत्राची लाइन जास्त जपावी लागते. तेल कमी होत जातं, पाणी वाढत जातं, आणि भरभरून वाहण्यासाठी टाकलेल्या जाड नळातून प्रवाह रेंगाळायला लागतो. वेग साधारण सेकंदाला मीटरभराच्या खाली आला की पाणी तेलातून सुटून तळाशी बसतं. त्याच्यात कार्बन डायऑक्साइड, त्याच्याखाली गाळ, आणि गाळाखाली सल्फेट खाऊन जगणारे जंतू. गंज सहाच्या काट्यावर, म्हणजे नळाच्या तळाला, लागतो तो यामुळे. पिग बाहेर काढायचा रिसीव्हर उघडताना तू स्वतः हजर राहा. पिगने पुढे ढकलून आणलेला मळ किती बादल्या निघाला, तेलकट आहे की काळा भुकटीसारखा, हे डोळ्यांनी बघ. काळा असेल तर त्यात आयर्न सल्फाइड असणार. तो वाळला की हवेत आपोआप पेट घेतो, तेव्हा ओलाच ठेवायला सांग, आणि एच-टू-एस या विषारी वायूचा मीटर अंगावर असल्याशिवाय जवळ जाऊ नकोस. नमुना हवाबंद बाटलीत त्याच दिवशी लॅबला जाऊ दे. उघड्या बरणीत दोन दिवस राहिलेला नमुना "जंतू नाहीत" असंच सांगतो.

अलास्कातल्या प्रुडो बेचं प्रकरण तुला ऑडिटवाले कधीतरी ऐकवतीलच. मार्च 2006 मध्ये तिथे एका लाइनला आतून गंजून बारीकसं भोक पडलं आणि आठ लाख लिटरच्या आसपास तेल बर्फावर गेलं. तिथे इंटेलिजंट पिग शेवटचा गेला होता 1998 मध्ये. गळती यंत्रणेने पकडली नाही, एका कामगाराला वास आला म्हणून कळलं.

बाहेरच्या बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकात बरं लिहिलेलं आहे. अ‍ॅनोड (नळाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) किती झिजले ते बघ, नळाचं विद्युत पोटेन्शियल उणे 0.80 व्होल्टपेक्षा वर सरकू देऊ नकोस. नळाखालची वाळू निघून जाऊन तो अधांतरी राहतो, तो स्पॅन मोज. अमेरिकेत मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत 1953 साली टाकलेल्या जोडनळांसाठी करारातच लिहिलं होतं की आधाराशिवायचा भाग 75 फुटांपेक्षा लांब नको. प्रवाहाने तळ धुपत गेला आणि काही ठिकाणी ती मर्यादा वर्षानुवर्षं ओलांडलेली राहिली. अट लिहिलेली होती. टेप लावून बघणारं कोणी नव्हतं.

आता किनाऱ्याजवळच्या तुकड्याकडे येतो. पत्रात तू त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाहीस, आणि माझा जीव अडकलाय तो तिथेच.

सर्व्हेची बोट खोल पाण्यात व्यवस्थित काम करते. पाणी उथळ झालं की कप्तान पुढे यायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. जमिनीवरची टीम खुणेच्या खांबापासून निघते ती ओल्या वाळूपर्यंत येते आणि थांबते. दोघांचे रिपोर्ट वेगळे, कॉन्ट्रॅक्टर वेगळे, बहुतेक वेळा फाइलवर सही करणारे साहेबही वेगळे. मधला पट्टा कोणाच्याच वाट्याला येत नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. अलिबागला ओहोटीला लोक चालत कुलाबा किल्ल्यावर जातात, म्हणजे हा पट्टा किती रुंद असेल ते तूच बघ. आणि लाटा फुटतात त्या नेमक्या इथेच, पावसाळ्यात वाळू हलते ती इथेच. शेजारी कोणी जेट्टी किंवा दगडी बंधारा बांधला की दोन-चार वर्षांत वाळूची वाटच बदलते, आणि दोन मीटर गाडलेला नळ उघडा पडतो.

उपाय पंचांगात आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही सगळ्यात खाली जाते. तेव्हा पायी टीमला जितकं आत जाता येईल तितकं पाठव. त्याच उधाणाच्या भरतीला लहान, कमी बुडणारी होडी बाहेरून आत आण. दोघांची हद्द एकमेकांवर चढली पाहिजे, निदान शंभरेक मीटर. डायव्हर मात्र उधाणाला उतरवू नकोस, ओढ फार असते. त्याच्यासाठी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, कमी ओढीचे दिवस धर. आरओव्हीचा, म्हणजे वरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राचा, कॅमेरा या पाण्यात काही कामाचा नाही, स्क्रीनवर चहासारखं पाणी तेवढं दिसतं. डायव्हर हाताने चाचपत जातो आणि वर हेडफोनवर सांगत राहतो: कोटिंग आहे, कोटिंग आहे, इथे जाळी लागतेय हाताला. जाळी म्हणजे नळावरच्या काँक्रीटच्या कोटिंगमधली तार. ती हाताला लागली म्हणजे तिथलं काँक्रीट फुटलंय, एवढं तुला वर बसून कळलं पाहिजे. ते वाक्य त्याच शब्दांत, वेळेसकट लिहून घे. "किरकोळ हानी" असं भाषांतर करायला ऑफिसात लोक बसलेले आहेतच.

आणि नांगर. 2021 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियासमोर वादळात मालवाहू जहाजांचे नांगर घसरले आणि 16 इंची लाइन तीस मीटरच्या आसपास बाजूला ओढली गेली. लाइनवाल्यांना कोणी कळवलं नाही. ती फुटली ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हाही गळतीचे अलार्म खोटे समजून ती पुन्हा पुन्हा सुरू करून बघितली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेमध्ये आपल्या समुद्रात पी-305 बार्जचे नांगर तुटले, वाहत जाऊन ती एका प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली, तेवढं तुला आठवत असेल. माणसं गेली, साहजिकच सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. पण लाइन सांभाळणाऱ्याने अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: नांगर ओढत कोण कुठून कुठे गेलं? वादळ ओसरलं की जहाजांच्या मार्गाच्या नोंदी मागव आणि तुझ्या नकाशावर टाकून बघ. रेघ लाइनवरून गेली असेल तर लाइनचा दाब उतरव, तपास, मग पुढचं.

26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईत कोण विसरेल? दुसऱ्या दिवशीचं मात्र फार कमी जणांच्या लक्षात आहे. 27 तारखेला खवळलेल्या समुद्रात एका जखमी माणसाला उतरवायला आलेलं जहाज मुंबई हायच्या बीएचएन प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे तळावरून वर चढणारा नळाचा भाग. वायूने पेट घेतला, अख्खा प्लॅटफॉर्म दोनेक तासांत गेला, 22 माणसं गेली. रायझरच्या क्लॅम्पखालचा गंज हा तुझ्या नव्या तक्त्यात हमखास येणारा विषय आहे. क्लॅम्प काढल्याशिवाय तिथे काही दिसत नाही, आणि काढायला कोणी राजी नसतं.

मच्छीमारांशी ओळख वाढव, आणि साहेबासारखी नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली असतात. तेव्हा करंजा, रेवस, थळ, जमेल तिथे जा, चहा घे. आपला नळ कुठे उघडा पडलाय हे त्यांच्या ट्रॉलरच्या जाळ्याला आपल्या सोनार यंत्राच्या आधी कळतं. अडचण अशी की जाळं अडकलं असं सांगायला आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही तिथे गेलातच कशाला? मग तो पुढच्या वेळी गपचूप जाळं कापून निघून जातो. मी तर म्हणेन, जाळ्याची भरपाई द्यावी आणि वर आभार मानावेत. डायव्हिंग बोटीच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे जाळ्याची किंमत काहीच नाही. हिशेबखात्याला हे पटवणं समुद्रापेक्षा अवघड, ते मी मान्य करतो. 1993 च्या मे महिन्यात मुंबई हायकडून येणारी लाइन फुटली तेव्हा तेल मुरूडच्या किनाऱ्याला लागलं होतं. त्या गावांतल्या जुन्या माणसांशी बोलताना "काही होत नाही हो" हे वाक्य तोंडातून काढू नकोस.

ऑक्टोबरात समुद्र निवळला की तुझी सर्व्हेची बोट येणार, म्हणजे टेंडर आत्ताच निघत असेल. त्यात एक कलम घालून घे: जिथे दिसलं नाही ते मीटर कॉन्ट्रॅक्टरने कारणासकट वेगळे दाखवावेत, आणि त्यांचेही पैसे ठरल्या दराने मिळतील. आत्ताच्या पद्धतीत पैसे "तपासलेल्या" मीटरचे मिळतात, त्यामुळे गढूळ पाण्यातले मीटरही तपासलेलेच निघतात. त्या माणसाला तरी दोष कसा द्यायचा? साहेब म्हणतील, न बघितल्याचे पैसे कसले. तेव्हा तुझा नवा तक्ता पुढे ठेव. मसुदा झाला की मला पाठव, कलमात कुठे पळवाट राहते ते बघून देतो.

कळावे,
काका