नाझिया हसनला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी चाहत्यांचा जीव अजून तिच्यात का अडकलाय?

तुम्ही लिहिलंय की तुमची आई साठीला आली, पण ‘आप जैसा कोई’ लागलं की हातातलं काम बाजूला ठेवते, आणि दर १३ ऑगस्टला ते गाणाऱ्या नाझिया हसनचा फोटो स्टेटसला लावते. जेमतेम पाच अल्बम, त्यातला शेवटचा १९९२ चा. मग एवढी माया कशी टिकली, आणि तुम्ही स्वतः ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे तुमचे दोन प्रश्न. मी तुमच्या आईच्याच वयाची आहे, त्यामुळे पहिल्याचं उत्तर जरा लांबणार.

या प्रश्नाला सगळे एकच ठरलेलं उत्तर देतात, की फार लवकर गेली म्हणून. गेली हे खरंच. ३ एप्रिल १९६५ ला कराचीत जन्म, १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू. वय पस्तीस, मागे तीन वर्षांचा मुलगा. हळहळ वाटणारच. पण हे उत्तर मला कधी पटलं नाही. लहान वयात गेलेले कितीतरी गुणी लोक आपण विसरून गेलोय. आणि आमचा जीव तिच्यावर जडला तो तिच्या मरणाच्या वीस वर्षं आधी, ती शाळेत जाणारी हसतीखेळती मुलगी होती तेव्हा. त्यामुळे सुरुवात तिथूनच करायला हवी.

१९८० साली ‘कुर्बानी’ सिनेमा आला, ‘आप जैसा कोई’ त्यातलंच. तो काढणाऱ्या फिरोज खानना ही मुलगी लंडनमध्ये भेटली आणि त्यांनी तिची गाठ संगीतकार बिद्दूशी घालून दिली. बिद्दू मूळचा बंगळूरकडचा, पण नाव काढलं ते लंडनमध्ये. जगभर गाजलेलं ‘कुंग फू फायटिंग’ हे इंग्रजी गाणं त्यानेच घडवलेलं. ‘कुर्बानी’ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, ‘आप जैसा कोई’ एवढं एक बिद्दूचं. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान. पुढच्या वर्षी या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. इतक्या लहान वयात पार्श्वगायनाचं ते पारितोषिक तोवर कुणालाच मिळालं नव्हतं.

आता त्या वेळचे आमचे कान कसे होते ते सांगते. १९८० मध्ये लतादीदी पन्नाशीच्या होत्या आणि आशाताई सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या. दोघींसमोर मी आजही हात जोडते; आमच्या घरात रेडिओ लागला की त्याच असायच्या. पण पडद्यावर अठरा वर्षांची नायिका गायला लागली की कानावर येणारा आवाज सगळं येत असलेल्या, सगळं कमावलेल्या मोठ्या बाईचा असायचा. ते आम्हाला कधी खटकलं नाही, कारण दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. आणि मग एकदम हा आवाज आला. गळ्याच्या हरकती नाहीत, मुरक्या नाहीत. जरासा नाकातला, खालच्या पट्टीतला, सरळ. बिद्दूने तिचाच आवाज तिच्या आवाजावर चढवलाय, त्यामुळे दोन मैत्रिणी एका सुरात गातायत असं वाटतं. ध्रुवपदात एक ‘हां’ येतो, तो नीट ऐका. त्यात लाजणं नाही, मुरडणं नाही. वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलीने ‘हो, मग काय’ म्हणावं तसा तो ‘हां’ आहे. आम्ही तेव्हा चौदा-पंधराच्या होतो आणि हिंदी गाण्यात आमच्या वयाची मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलत होती. तुमच्या आईने काम बाजूला ठेवायचं कारण, माझ्या मते, इथे आहे.

१९८१ साली ‘डिस्को दीवाने’ आला. हा सिनेमाचा नव्हता, तिचा आणि तिचा भाऊ झोहेब याचा स्वतंत्र अल्बम होता. सिनेमाशिवाय हिंदी गाणी अशी घरोघरी जाऊ शकतात हे आपल्याकडे तोवर फार कुणाला खरं वाटलं नसतं. गझल होती, भजनं होती, पण पोरासोरांनी नाचावं असं काही नव्हतं. नव्वदीत इंडीपॉप म्हणून जे आलं, म्हणजे अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ वगैरे, त्याची वाट इथून पडली. ‘मेड इन इंडिया’चं संगीतही बिद्दूचंच आहे.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या जवळ एका गल्लीत कॅसेट भरून देणारं दुकान होतं. कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. मूळ कॅसेट काही आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून ‘डिस्को दीवाने’ भरून घेतला. तो अल्बम साठ मिनिटांचा नाही. प्रत्येक बाजूला फीत उरत होती. ती वाया कशाला घालवायची म्हणून दुकानदाराने उरलेल्या जागेत दादा कोंडक्यांची गाणी भरून दिली. ती कॅसेट आळीपाळीने एकेकीच्या घरी मुक्कामाला असायची. कुणाकडे टू-इन-वन, कुणाकडे नुसताच टेप, एकीकडे तोही नाही, तर ती दुसरीकडे येऊन बसायची. शाळेच्या गॅदरिंगला तिच्यावर नाच बसवला तेव्हा बाईंनी ‘गाणं ठीक आहे, पण बाजू संपायच्या आत टेप बंद करा’ अशी ताकीद दिली होती. आजही ते शेवटचं गाणं संपलं की माझे कान दादांची वाट पाहतात.

आमच्या घरी हे गाणं चाललं कसं, याचंही मला नंतर नवल वाटायचं. बाबांचं सगळं ऐकणं म्हणजे नाट्यगीतं आणि भावगीतं. डिस्को हा शब्दसुद्धा त्यांना आवडायचा नाही. पण एका मासिकात नाझिया-झोहेबचा फोटो आला होता, तो पाहून ते म्हणाले, ‘चांगल्या घरची पोरं दिसतायत, भाऊ-बहीण आहेत.’ झालं, परवानगी मिळाली. ते बहीण-भाऊ असणं फार मोठी गोष्ट होती. मुलीने स्टेजवर उभं राहून माईक हातात धरला, साध्या सुटसुटीत कपड्यांत गायली, तरी तिला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं, कारण शेजारी भाऊ गिटार घेऊन उभा. आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना त्या जोडीने किती मोकळं केलं ते आज सांगून कळणार नाही. गॅदरिंगमध्ये नाचायला मिळालं ते त्या फोटोमुळे.

ती पाकिस्तानची, हे आम्हाला माहीत होतं. कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी त्यावर बोलायचंही नाही. कराचीची मुलगी, बंगळूरचा संगीतकार, लंडनचा स्टुडिओ आणि मुंबईचा सिनेमा. या सगळ्यातून आलेलं गाणं साताऱ्यात गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावर वाजायचं. तिची पुण्यतिथी येते ती १४ आणि १५ ऑगस्टच्या अगदी तोंडावर. त्या दिवशी दोन्हीकडचे लोक तीच गाणी एकमेकांना पाठवत असतात. दोन दिवसांनी काय बोलतील ते बोलतील, पण त्या दिवशी तरी सगळे तिचे असतात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

माया टिकण्याचं दुसरं कारण म्हणजे ती गाण्यातून बाहेर पडली ती आपल्या मनाने. ‘बूम बूम’ अल्बमची गाणी १९८२ मध्ये ‘स्टार’ सिनेमातून आली. कुमार गौरवचा तो सिनेमा चालला नाही, गाणी मात्र चालली. मग १९८४ ला ‘यंग तरंग’, १९८७ ला ‘हॉटलाइन’, १९९२ ला ‘कॅमेरा कॅमेरा’, आणि तिथे ती थांबली. जेमतेम सत्तावीस वर्षांची होती. मधल्या काळात लंडनमध्ये शिकत होती, पुढे कायद्याचीही पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. अमली पदार्थांच्या विरोधात भावाबरोबर मोहीम उभी केली; ‘कॅमेरा कॅमेरा’ त्या कामाशीच जोडलेला होता. मुलांच्या मदतीसाठी पैसा उभा करणं तर सतत चालू. हिंदी सिनेमाची दारं तिच्यासाठी उघडी असताना तिने शिकणं निवडलं, हे आम्ही तेव्हाच वाचलं होतं आणि आमच्या आयांनी ते आम्हाला ऐकवलंही होतं. तिची पडती बाजू आम्ही पाहिलीच नाही. कुणाशी भांडण नाही, कुणावर टीका नाही, ओढूनताणून केलेलं पुनरागमन नाही.

एक कळकळीची विनंती करते. तिच्या लग्नाबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल, रडकं संगीत लावून केलेले व्हिडिओ तुमच्यासमोर येतील. ते सोडून द्या. घरातले लोक एकमेकांच्या विरोधात बोललेत, खरंखोटं तुम्हा-आम्हाला ठरवता येणार नाही, आणि तिला बिचारी ठरवून टाकणं तर मला सहनच होत नाही. तिचा आवाज ऐकून पाहा, त्यात बिचारेपण औषधालाही नाही. तिच्या देशाने २००२ मध्ये, म्हणजे मरणानंतर, तिला ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सरकारी पुरस्कार दिला. तो ती असताना द्यायला हवा होता असं मी आजही म्हणते.

तिला लंडनच्या हेंडन कबरस्तानात दफन केलंय. माझी भाची तिकडे नोकरीला आहे, तिच्यामागे लागून मी तिथे फुलं ठेवायला लावली. या मुलीला नाझियाची गाणी माहीत झाली ती माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातून, बिद्दू कोण हे तिला ठाऊकही नव्हतं. परत फोन केला तेव्हा म्हणाली, ‘मावशी, आपल्याआधीच कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.’ कोण असेल? तुमच्या आईच्या, माझ्या वयाचीच एखादी असणार, लाहोरची असो की लुधियान्याची.

आता दुसरा प्रश्न. ‘आप जैसा कोई’ तुम्ही हजारदा ऐकलंच असेल, तरी एकदा हेडफोन लावून ऐका, आवाजावर चढवलेला आवाज तेव्हाच कळतो. त्यानंतर ‘डिस्को दीवाने’ पूर्ण अल्बम ऐका, एकच गाणं नको. शीर्षकगीताच्या गोंगाटात त्यातलं ‘लेकिन मेरा दिल’ मागे पडतं आणि माझ्या लेखी ती तिची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. सोळा वर्षांच्या मुलीने ते इतकं न आळवता, न रडता गायलंय की दुःख आपलं आपण ओळखायचं. ‘आओ ना’ही सोडू नका. मग ‘यंग तरंग’मधलं ‘आँखें मिलाने वाले’. त्याचा व्हिडिओसुद्धा बघा, कारण गाण्यांचे असे व्हिडिओ आपल्याकडे तेव्हा कुणी करत नव्हतं. ‘हॉटलाइन’मध्ये आवाज जरा भरलेला, जाणता झालाय, ‘टेलिफोन प्यार’ गमतीचं आहे, पण त्या अल्बममधली संथ गाणी अधिक चांगली. ‘कॅमेरा कॅमेरा’ शेवटी ऐका, तो तिचा सगळ्यात फिका अल्बम आहे आणि त्यापासून सुरुवात केलीत तर आमचं म्हणणं तुम्हाला पटणार नाही. रिमिक्स आणि २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधलं ‘डिस्को दीवाने’ नंतर ऐकलंत तरी चालेल. आणि हे सगळं आईबरोबर बसून ऐका. तिच्याकडे कॅसेट कुणी भरून दिली होती ते तिला विचारा, तिला नक्की आठवत असेल.