खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद?

प्रश्न : आमचा मुलगा बरीच वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टला होता. चाकणच्या कारखान्यातील कामासाठी तो यंदा पत्नी आणि दोन लहान मुलांसह पुण्यात आला असून सर्वजण सिंहगड रस्त्यावरील आमच्या घरी राहतात. सून जर्मन आहे, स्वभावाने मनमिळाऊ आहे. परंतु २०२५ च्या या पावसाने मे महिन्यातच जो मुक्काम ठोकला, तेव्हापासून घरात रोज कुरबुर चालू आहे. ती सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडते आणि मी त्या लावून घेते. कपाटातील पैठणीला बुरशी आली आहे. मुलांना ती भर पावसात खेळायला सोडते, याची मला धास्ती वाटते. आता सप्टेंबरपर्यंत मुलांना घेऊन माहेरी जाते, असे म्हणते. काय करावे?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, स्टुटगार्टमध्ये वर्षभरात पडणारा पाऊस आपल्या शिवाजीनगरच्या पावसाहून फारसा वेगळा नाही, दोन्हीकडे तो ढोबळमानाने सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. फरक इतकाच, की तिकडे तो बारा महिन्यांत विभागलेला असतो आणि आपल्याकडे बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे तुमच्या सूनबाईंना पावसाचे नव्हे, तर आठवडेच्या आठवडे ऊन न दिसण्याचे आणि कपडे न वाळण्याचे अप्रूप असणार, आणि ते सुखाचे नाही.

खिडक्यांच्या वादात दोघींचेही अर्धे-अर्धे बरोबर आहे. जर्मनीत घर दिवसातून दोन-तीनदा हवेशीर करण्याची शिस्त इतकी रुजलेली आहे, की भाडेकराराच्या कागदातही ती अनेकदा लिहिलेली असते. तिकडच्या थंड हवेत बाष्प कमी मावते. ती घरात येऊन तापली की कोरडी होते आणि भिंतींची ओल शोषून घेते. पुण्यात जुलैमध्ये बाहेरचीच हवा बाष्पाने ओथंबलेली असते, तेव्हा भर पावसात खिडक्या उघडून ओल बाहेर जात नाही, आत येते. पण सगळे लावून बसणेही बरे नाही, कारण अंघोळी, स्वयंपाक आणि घरातल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले धुणे यांतून निघणारी वाफ मग घरातच कोंडते. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडून पंखे लावावेत. झड पश्चिमेकडून येते, म्हणून पाऊस चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद असाव्यात. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत न घालता एकाच खोलीत, दार लावून, पंख्याखाली घालावेत. वातानुकूलन यंत्र असल्यास त्यातील ‘ड्राय मोड’ याच कामासाठी असतो.

कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. डांबराच्या गोळ्या किडीला पळवतात, ओल शोषत नाहीत. शिवाय त्या जरीला लागू देऊ नयेत. पैठणी ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका, कारण त्याने बुरशी धाग्यात मुरते. कोरड्या दिवशी गॅलरीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने हलकेच झटकावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी.

मुलांच्या बाबतीत मी निम्मी तुमच्या सुनेच्या बाजूची आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, अंगावर पावसाची सर घेतल्याने नव्हे. सोसायटीच्या आवारात, गमबूट घालून, मुलांनी मनसोक्त भिजावे आणि घरी येऊन कोरडे व्हावे. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे आणि ती सूनबाईंना तुम्हीच समजावून सांगायला हवी, कारण त्यांच्या गावी तिचा अनुभव येत नाही. त्या पाण्याखाली उघडे चेंबर असू शकते, त्यात वीज उतरू शकते. २५ जुलै २०२४ रोजी डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. शिवाय उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा पाण्यातून चालल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

त्याच २५ जुलैला खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेल्या पाण्याने तुमच्याच रस्त्यावरील एकतानगरीत घरे बुडाली होती. तुमची इमारत नदीच्या बाजूला असेल, तर धरणातून पाणी सोडण्याच्या (विसर्गाच्या) सूचनेकडे लक्ष ठेवावे, तळघरातील गाडी वेळीच वर काढावी आणि पासपोर्ट, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची) पुस्तिका व मुलांचे जन्मदाखले घट्ट झाकणाच्या डब्यात वरच्या फळीवर ठेवावेत. परदेशी कागद भिजले तर नवे मिळवण्याचा व्याप इथल्या शिधापत्रिकेपेक्षा कितीतरी मोठा असतो.

राहिला माहेरी जाण्याचा प्रश्न. मुलगा सकाळी चाकणला निघाला, की रात्रीपर्यंत त्या घरात सूनबाईंच्या भाषेत बोलणारे मोठे माणूस कोणी नाही, आणि पावसामुळे बाहेर पडणेही बंद. कुरबुर खिडकीवरून होत असली तरी तिचे मूळ बहुधा इथे आहे. पाऊस उघडलेल्या एखाद्या सकाळी त्यांना बोट क्लब रस्त्यावरील मॅक्सम्युलर भवनाच्या ग्रंथालयात घेऊन जा. जर्मन पुस्तके आणि जर्मन बोलणारी माणसे तिथे भेटतील. तरीही त्यांना जायचे असेल, तर शाळेची परवानगी घेऊन तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि परतीचे तिकीट गणपतीआधीचे काढायला सांगा. पश्चिमेच्या भिंतीचे वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावरच करून घ्यावे. आता लावलेला रंग पोपडे धरून पडेल.